पार्श्वभूमी : शो हाशी आणि त्याचं उसनं नेलेलं आडनाव

३१ ऑक्टोबर २०१९ ला पहाटे ओकिनावातल्या शुरी किल्ल्याच्या मुख्य राजवाड्याने पेट घेतला आणि काही तासांत त्या लाल लाकडी इमारतीचा कोळसा झाला. बातमी वाचताना आपल्या डोक्यात ‘जपानमधला किल्ला’ एवढंच येतं. पण शुरी ही जपानी सरदारांची गादी कधीच नव्हती. १८७९ साली जपानने खालसा करेपर्यंत इथे ऱ्युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. त्याची भाषा वेगळी होती, राजे वेगळे होते. हे राज्य एकत्र बांधण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो शो हाशी.

ओकिनावा बेट गोव्याच्या साधारण एक तृतीयांश, उत्तर-दक्षिण लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर. चौदाव्या शतकात एवढ्याशा जागेत तीन राज्यं होती: उत्तरेला होकुझान, मध्ये चूझान, दक्षिणेला नानझान. ‘राज्यं’ म्हणायचं खरं, पण गावोगावचे ‘अजी’ आपापल्या ‘गुसुकू’मध्ये बसून कारभार करत. (अजी म्हणजे स्थानिक सरदार. आपल्या आजीशी काही नातं नाही.) गुसुकू या शब्दाला किल्ल्यापेक्षा आपली ‘गढी’ जवळची वाटते, निदान सुरुवातीच्या काळात तरी. देशमुखाच्या गढीसारखीच ती, फक्त भिंती प्रवाळाच्या चुनखडीच्या आणि आत एक देवस्थान.

हाशीचा जन्म १३७२ चा, आग्नेय किनाऱ्यावरच्या साशिकीचा. बाप शिशो तिथला अजी. त्याच वर्षी चूझानचा राजा सात्तो याने चीनच्या मिंग सम्राटाकडे पहिला नजराणा पाठवला. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या नजराण्यात आहे. मिंग दरबाराने आपल्या व्यापाऱ्यांना खाजगीरीत्या समुद्रावर जायला बंदी घातली होती. परदेशी माल हवा तर तो मांडलिक राजाच्या ‘नजराण्या’च्या रूपाने यायचा आणि बदल्यात सम्राटाची ‘भेट’ मिळायची. कागदावर मुजरा आणि प्रत्यक्षात घाऊक व्यापार. चिनी व्यापारी घरात अडकले आणि मधली जागा ओकिनावाच्या जहाजांनी भरली. परंपरेनुसार १३९२ मध्ये चीनहून ‘छत्तीस कुटुंबं’ नाहा बंदराजवळच्या कुमेमुरात येऊन राहिली. नावाडी, दुभाषे, पत्रलेखक असं सगळं कसब त्यांच्याबरोबर आलं.

हाशीच्या तरुणपणाची एक गोष्ट ओकिनावात पोरासोरांनाही ठाऊक असते. तो अंगाने लहानखुरा, म्हणून ‘साशिकीचा छोटा अजी’. त्याच्याकडे एक उत्तम तलवार होती. योनाबारूच्या बंदरात लोखंड घेऊन एक परदेशी जहाज आलं. व्यापाऱ्याला तलवार आवडली, हाशीने ती देऊन टाकली आणि जहाजातलं लोखंड घेतलं. त्या लोखंडाचे नांगर-कुदळी करायला ते शेतकऱ्यांत वाटलं. माणसं त्याच्यामागे उभी राहिली ती तेव्हापासून. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असं मी म्हणणार नाही. पण बेटावर लोहखनिज जवळपास नव्हतंच, बाहेरून येईल तेवढंच लोखंड. ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात कुदळ, हे गणित कथेत चोख उतरलंय.

१४०६ मध्ये हाशीने चूझानचा राजा बुनेई याला हुसकावलं आणि गादीवर स्वतः न बसता बापाला बसवलं. राजधानी उरासोएहून शुरीला आली ती याच सुमाराला. १४१६ मध्ये उत्तरेची पाळी. तिथला नाकिजिन हा बेटावरचा सर्वांत अवघड किल्ला, एका बाजूला खोल दरी आणि लांबच लांब वळत गेलेली तटबंदी. आख्यायिका सांगते की तो फितुरीने पडला. हरलेला राजा हानआंची याने, आपलं रक्षण केलं नाही म्हणून, किल्ल्यातल्या पवित्र शिळेवर तलवारीचा वार केला, मग ती तलवार नदीत फेकली आणि जीव दिला. ‘चियोगानेमारू’ नावाची ती तलवार मात्र आजही आहे, नाहाच्या इतिहास संग्रहालयात, जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून.

१४२९ मध्ये दक्षिण. इथे गोष्ट पाण्याची. नानझानच्या राजाला हाशीकडचा सोनेरी पडदा हवा होता, त्या बदल्यात त्याने कादेशीगा हा झरा देऊन टाकला. त्यावर गावांची शेती चाले. हाशीने ठरवलं, जो आपल्या बाजूचा त्यालाच पाणी. नानझानची रयत फिरली, राज्य पडलं. इतोमानमध्ये तो झरा अजून वाहतो. पाटाच्या पाण्यावरून कुणाचं राजकारण कसं फिरतं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

आता एक गोष्ट खटकायला हवी. या गोष्टींत बुनेई उनाड, हानआंची उद्धट, नानझानचा राजा चैनी. हरणारा प्रत्येक जण नालायकच कसा? उत्तर बखरींत आहे. ऱ्युक्यूचा पहिला सरकारी इतिहास १६५० चा, म्हणजे हाशी जाऊन दोनशे वर्षं उलटल्यावरचा. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात चिनी सूत्र पक्कं होतं: राजा बिघडला की आकाश त्याचा अधिकार काढून घेतं. त्यामुळे पडद्याची आणि झऱ्याची गोष्ट आवडीने ऐकावी, साक्ष म्हणून धरू नये.

समकालीन कागद वेगळ्याच हाशीची ओळख करून देतात. शुरी दरबाराचा परराष्ट्र पत्रव्यवहार ‘रेकिदाई होआन’ या संग्रहात १४२४ पासून सापडतो. १४२५ मध्ये सयामला गेलेल्या पत्रात चक्क व्यापाऱ्याची कुरकुर आहे: तुमचे अधिकारी आमची चिनी मातीची भांडी सरकारी खरेदीत दाबून घेतात, आमचं नुकसान होतं, इतक्या लांबून समुद्र तुडवून येणाऱ्यांना मोकळी खरेदी-विक्री करू द्या. इथून भांडी जायची, तिथून मिरी आणि रंगासाठी पतंगाचं लाकूड यायचं, तेच पुढे नजराण्यात गंधक आणि घोड्यांबरोबर चीनला. मला लोखंडाच्या गोष्टीतल्या हाशीपेक्षा हा भावावरून हुज्जत घालणारा राजा जास्त खरा वाटतो. हा व्याप सांभाळायला काइकी नावाचा चिनी सल्लागार होता. १४२७ मध्ये शुरीजवळचं र्‍यूतान तळं खणलं गेलं, तेव्हाचा शिलालेख ओकिनावातला सर्वांत जुना.

हाशी १४३९ मध्ये गेला. त्यानंतर पंधरा वर्षांत चार राजे झाले. १४५३ मध्ये वारसाच्या भांडणात शुरी जळाली, २०१९ च्या आधीच्या चार आगींपैकी ही पहिली. त्याच वंशातल्या शो ताइक्यूने १४५८ मध्ये ओतवलेल्या घंटेवर मात्र झोकात कोरलंय की आमची जहाजं म्हणजे सगळ्या देशांना जोडणारे पूल. ही फुशारकी नव्हती. मलाक्का या आजच्या मलेशियातल्या बंदरात ही जहाजं ठरलेली येत. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी मलाक्का घेतलं, आणि तिथे जाणाऱ्या ऱ्युक्यू जहाजांच्या नोंदी १५११ लाच थांबतात. पुढे मलाक्कात राहिलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने ऐकून लिहून ठेवलं की हे लोक गुलामांचा व्यापार करत नाहीत, जग दिलं तरी आपला माणूस विकणार नाहीत.

हाशीचं घराणं तोवर संपलं होतं. १४६९ मध्ये सातवा राजा गेला आणि कानेमारू नावाच्या, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या अधिकाऱ्याने गादी घेतली. पंचाईत एकच, मिंग दरबाराची मान्यता. ती गेली तर व्यापार गेला. मग त्याने ‘शो’ हे आडनाव उचललं, शो एन् झाला, आणि आधीच्या राजाचा मुलगा म्हणून चीनला कळवलं. चीनने मान्य केलं. या दुसऱ्या शो घराण्याने १८७९ पर्यंत राज्य केलं, हाशीच्या रक्ताचा थेंब नसताना त्याच्याच नावावर.

हाशीला आधी शुरीजवळ पुरलं होतं. सत्ता पालटली तेव्हा नवे लोक थडग्याची विटंबना करतील या भीतीने, असं सांगतात, जुन्या इमानी माणसांनी अस्थी गुपचूप हलवल्या. योमितान गावात झाडीत दडलेली एक कबर त्याची म्हणून दाखवतात. शुरीच्या राजवाड्याजवळच्या दगडी राजसमाधीत आहेत ते सगळे दुसरे शो.