पार्श्वभूमी : भयपटातलं भूत आणि मनावरचा घाव

कोल्हापूरला भयपटाचं गाव कुणी म्हणत नाही. तरी अंगावर काटा आणणाऱ्या दृश्याला कात्री लागली ती इथल्याच मूकपटात. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो काढावा लागला. पुढे बरीच वर्षं मराठी पडद्यावरचं भूत म्हणजे पांढरी साडी, कंदील, आणि शेवटी इस्टेटीसाठी कुणीतरी रचलेला बनाव.

१९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या ताणाला स्वतंत्र आजार मानलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा त्यात मोठा वाटा होता. तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येणं, झोपेत दचकणं, त्या जागेकडे न फिरकणं. पटकथाकारांना आयतंच सापडलं: घरातून न जाणारं भूत म्हणजे डोक्यातून न जाणारी आठवण.

आपल्याकडे खरा गुंता झाला तो जादूटोणाविरोधी कायद्याने. मसुदा वर्षानुवर्षं रखडला, कलमं गळत गेली. या कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये काही दिवसांतच वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. अनुसूचीत, म्हणजे गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांच्या यादीत, बारा बाबी उरल्या. श्रद्धेवर घाला म्हणून ओरड झाली, पण भूत मानणं हा गुन्हा कुठेच नाही. गुन्हा आहे तो भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, दवाखान्यापासून अडवणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. आता गंमत बघा: भयपटाचा ठरलेला शेवट हाच तर असायचा. मांत्रिक येतो, धुरी देतो, बाई किंचाळते, बाधा उतरते. कायदा सिनेमासाठी केलेला नव्हता, पण त्याने या शेवटातली हवाच काढून घेतली. माझ्या मते बरंच झालं. जिला मुळात मार बसलाय तिला पुन्हा मारून बरं करणारी गोष्ट कधीच पटणारी नव्हती.

कोल्हापुरात विषयांची वानवा नाही. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत शहरातला जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यावर भयपट निघाल्याचं ऐकिवात नाही. आता ज्याच्या त्याच्या तोंडी महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली, २०२१ मध्ये ५६ च्या वर. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत हल्ली आकडा ३९ कडे सरकला की धोक्याची वाट न बघता जनावरं सोडतात, भांडीकुंडी माळ्यावर टाकतात. रात्रभर कुणी झोपत नाही, मग पाणी दारात येवो न येवो.