सोळाव्या वर्षाचा गळा आणि ब्लूजचा अधलामधला गंधार

गिटारची तिसरी तार पाचव्या पडद्यावर दाबली की सी हा पाश्चात्त्य स्वर वाजतो. ए हा षड्ज मानला तर हा कोमल गंधार. पुढच्याच पडद्यावर शुद्ध गंधार आहे. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकन संगीताचं या दोन्हींवर भागत नाही. त्याला हवा असतो तो मधला, आणि त्याच्यासाठी गिटारवर पडदाच नसतो. तो तार खेचून काढावा लागतो, नाहीतर गळ्यातून. एखाद्या गुणी पोराचा किंवा पोरीचा पहिला सोल-ब्लूज अल्बम ऐकताना 'एवढ्याशा वयात हे आलं कुठून?' असं वाटतं, ते बरंचसं या मधल्या जागेमुळे. अमेरिकी गायक-गिटारवादक जॉनी लँगचा 'लाय टू मी' १९९७ मध्ये आला तेव्हा तो सोळाच्या उंबरठ्यावर होता. २००३ मध्ये 'द सोल सेशन्स' आला तेव्हा ब्रिटिश गायिका जॉस स्टोन सोळा वर्षांची होती.

स्वरांतलं अंतर सेंटमध्ये मोजतात. अर्ध्या स्वराचे १०० सेंट, म्हणजे षड्जापासून कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध ४०० वर. ब्लूजचा गंधार बहुधा या दोहोंच्या मध्ये फिरत राहतो. एका जागी ठाण मांडून बसला तर तो बेसूर वाटतो, हलता राहिला तर बोलतो.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ५० सेंट चढायला ताण सुमारे ६ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वर चढायला मात्र २६ टक्के. ०.०१७ इंच जाडीची तिसरी तार ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर साधारण साडेसात किलोच्या ताणावर असते. पूर्ण स्वराच्या बेंडला, म्हणजे तार खेचून सूर तेवढा चढवायला, तो साडेनऊ किलोपर्यंत न्यावा लागतो, तोही गाता गाता. कोवळ्या बोटांचा हट्ट इथे कामाचा नाही. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की हाच ताण ६.७ किलोवर येतो, आणि गाण्याची पट्टीही गळ्यासाठी अर्ध्या स्वराने खाली येते. एका फेऱ्यात दोन कामं.

जोर बोटाचा नसतो, मनगटाचा असतो. अनामिका तारेवर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे टेकूला, अंगठा गिटारच्या मानेवरून वर, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. तरी सूर हुकतोच. तिसरी तार बिनगुंडाळीच्या तारांत सर्वांत खालच्या सुराची, त्यामुळे तेवढ्याच ढकलण्याने ती पहिल्या तारेपेक्षा जास्त चढते. पातळ तारेवर हात बसलेला मुलगा हिच्यावर पुढे निघून जातो. तार सोडल्यावर सूर उतरलेला राहिला तर दोष कानाचा नाही, तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, खाचेत अडकलेली असते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तर बहुतेक वेळा भागतं. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज (तारांची घोडी) असेल तर एक तार खेचताना बाकीच्या उतरतात. रेकॉर्डिंगपुरता तो लाकडाचा ठोकळा लावून अडवावा.

ॲम्पचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचं, थोडक्यात. व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्या मर्यादेपर्यंत नेला की लहरींची टोकं गोलसर दबतात, नवे स्वरांश निघतात आणि सूर लांबतो. त्यासाठी १०० वॉटची गरज नाही. ५ वॉटचा ॲम्प त्याच्याहून फक्त १३ डेसिबलने हळू असतो आणि पोराचे कानही वाचतात.

गळा मात्र उसना मिळत नाही. वयात येताना मुलांच्या स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलींचा तीन-चार अर्धस्वर उतरतो, म्हणून तो बदल कानाला निसटतो. २२० हर्ट्झवर तासभर गायलं तर स्वरपट्ट्या सुमारे आठ लाख वेळा एकमेकींवर आपटतात. त्यावर चाळिशीतल्या गायकाचा खरखरीतपणा आणण्यासाठी हवा रेटली की आधी सूज येते आणि पुढे पट्ट्यांच्या पुढच्या व मधल्या तिसऱ्या भागांच्या सांध्यावर गाठी धरतात. पहिली खूण बसलेला आवाज नसते; हळू आवाजातले वरचे स्वर आधी गायब होतात. ते गेले की त्या दिवसाचं गाणं तिथेच थांबवायचं. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा.

म्हणून रेकॉर्डिंगचं वेळापत्रक गळ्याभोवती आखावं. दिवसाला दोनच गाणी, एकेकाचे तीन-चार टेक. मोठ्याने गायचं गाणं शेवटी, कारण त्यानंतर हळुवार गाणं लागत नाही. एका गाण्याचं सगळं गायन एकाच बैठकीत संपवावं. आवाज फुटत असलेल्या मुलाची ओळ तीन महिन्यांनी बदलून जोडली तर ठिगळ ऐकू येतं. तोंड मायक्रोफोनपासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवं. अगदी जवळ गेलं की खर्ज फुगतो, आणि किशोर गायकाला तो भारदस्तपणा फार आवडतो. मग पुढच्याच ओळीत तो मागे सरकतो आणि आवाज पातळ होतो. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठी ओळ कमाल मर्यादेच्या खाली, उणे १० डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना त्याहून वर ढकलण्यात काही मिळत नाही.

राहिलं सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. नेहमीच्या सेटिंगवर त्याला बाराच स्वर ठाऊक असतात. ३४० सेंटवर गायलेला गंधार ते निमूटपणे ३०० वर ओढतं, ३६० वरचा ४०० वर, आणि महिनोन्महिने कमावलेली मधली जागा एका क्लिकने सपाट होते. गंधारावर, आणि ब्लूजमध्ये तसाच मधे फिरणाऱ्या निषादावर, ते बंद ठेवावं. उरलेल्या स्वरांत खरोखर घसरलेला एखादा असेल तर तेवढाच हाताने उचलावा.