पार्श्वभूमी: रहस्यकथेत माणसाला जागा किती?

नवी रहस्यमालिका संपली की एक तक्रार हमखास कानावर येते. खून पहिल्या भागात झाला आणि पुढचे पाच भाग तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट, दारू आणि रुसलेली मुलगी यांनीच खाल्ले. उलटी तक्रारही आहेच. शेवटच्या पानावर खुन्याचं नाव कळतं, पण हा नेमका कोण, हे बघायला मागची पानं चाळावी लागतात, इतकी सगळी पात्रं एकसारखी. हे भांडण जुनं आहे. एकेकाळी त्यावर चक्क नियम छापून आले होते.

1928 साली अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेसाठी 20 नियम प्रसिद्ध केले. प्रेमप्रकरण नको, लांबलचक वर्णनं नकोत, स्वभावाची बारीक चिरफाडही नको. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी आपल्या 10 आज्ञा सांगितल्या. कथा म्हणजे वाचकाशी मांडलेला डाव, आणि डावात सगळे पत्ते वाचकासमोर हवेत, असा त्या काळचा आग्रह होता.

आज हे हास्यास्पद वाटतं, पण त्यामागची अडचण खरी होती. लेखक खुन्याच्या मनात शिरला तर रहस्य फुटतं. बाकी सगळ्यांच्या मनात शिरून फक्त त्याचं दार बंद ठेवलं, तरी फुटतंच. मग सोपा उपाय म्हणजे सगळ्यांनाच सारखं सपाट ठेवायचं. (अगाथा ख्रिस्तींनी 1926 मध्ये या अडचणीचंच हत्यार केलं. कसं, ते ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ न वाचलेल्यांसाठी इथे सांगत नाही.)

गंमत अशी की या नियमांच्या कितीतरी आधी कॉनन डॉइलनी एका छोट्या प्रसंगात दोन्ही गोष्टी साधल्या होत्या. 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये वॉटसन होम्सच्या हातात एक महागडं घड्याळ ठेवतो: सांग, याच्या मालकाबद्दल काय कळतं? आत गहाणवटदारांनी कोरलेले आकडे आहेत, चार वेळचे. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, म्हणजे रात्री चावी देणारा हात थरथरत होता. होम्स थंडपणे सांगून टाकतो की घड्याळ तुझ्या थोरल्या भावाचं, त्याने हाताशी आलेल्या संधी घालवल्या, दारूच्या नादी लागला आणि गेला. वॉटसन ताडकन उठतो, लंगडत खोलीत येरझाऱ्या घालतो. तू गुपचूप चौकशी केलीस, असा आरोपही करतो. होम्सला माफी मागावी लागते. समोर कोडं दिसत असताना समोरच्याचं दुःख त्याला दिसलंच नव्हतं. ओरखडे तेच, पण त्यातून एक मेलेला भाऊ कळला आणि दोन जिवंत मित्रही.

या वादाचा सगळ्यात मोठा भार मात्र इंग्रज रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्स यांनी उचलला. 1928 मध्ये एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनीही रहस्यकथेत घुसडलेल्या प्रेमकथांवर नाक मुरडलं होतं. दोनच वर्षांनी त्यांनी स्वतः ‘स्ट्राँग पॉयझन’ लिहिली. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या हॅरिएट व्हेनच्या प्रेमात त्यांचा डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर विम्झी पडतो. दोघांचं लग्न लावून पीटरला निरोप द्यायचा, असा बाईंचा बेत होता. पण हॅरिएट ऐकेना. ज्याने आपल्याला फाशीपासून वाचवलं, त्याच्या उपकाराखाली ती हो कशी म्हणणार? मग पीटरलाच माणसात आणावं लागलं, आणि त्याला पाच वर्षं गेली.

1935 च्या ‘गॉडी नाइट’मध्ये हॅरिएट स्वतः रहस्यकथाच लिहिते आहे आणि अडली आहे. तिच्या कादंबरीतला विल्फ्रिड कथानकाच्या सोयीने वागतो. पीटर सुचवतो, त्याला असं मन दे की ते वागणं पटेल. ती म्हणते, मग सगळ्या पुस्तकाचा तोल जाईल. तो म्हणतो, तर मग जिगसॉसारखी कोडी सोडून एकदा माणसांबद्दल लिहून बघ. ‘गॉडी नाइट’मध्ये एकही खून नाही. निनावी पत्रं आहेत, नासधूस आहे, आणि ती कोण करतंय हे कळण्यासाठी ते माणूस कळावं लागतं. माझ्या मते या वादाला इतकं चोख उत्तर नंतर कुणी दिलेलं नाही. 1944 मध्ये अमेरिकी रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी इंग्रजी कोडेबाजीवर केलेला प्रसिद्ध हल्ला जास्त उद्धृत होतो, पण तो हल्ला होता, उत्तर नव्हे.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या वेगात पात्राच्या मनात रेंगाळायला सवड कुठून मिळणार? बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी 1932 पासून ब्योमकेश बक्षी हा डिटेक्टिव्ह लिहायला घेतला आणि एका तपासात तो आरोपीच्या बहिणीच्या, सत्यवतीच्या, प्रेमात पडला. लग्न ठरलं आणि थोड्याच काळात मालिका थांबली, ती जवळपास 15 वर्षं. दरम्यान शरदिंदू मुंबईत सिनेमाच्या पटकथा लिहीत होते. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले.

1951 च्या सुमारास ब्योमकेश परतला, तो ‘चित्रचोर’मध्ये. कथा उघडते तेव्हा प्रेत नाही, पोलीस नाहीत. आजारातून उठलेल्या नवऱ्याच्या खुर्चीपाशी सत्यवती डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन उभी आहे.