सीबीएस ब्रेक लावतं, एबीएस ब्रेक सोडतं

नवी बाईक घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, "एबीएसच घ्यावं, की सीबीएस चालेल?" समोरून उत्तर येतं, "दोन्ही सेफ्टीचंच आहे हो. सीबीएस म्हणजे जरा स्वस्तातलं एबीएस." हे उत्तर मी शोरूममध्ये ऐकलंय, गॅरेजमध्ये ऐकलंय आणि वर्षानुवर्षं रोज बाईक चालवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. ते साफ चुकीचं आहे. एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा; सीबीएस म्हणजे कम्बाइन्ड ब्रेकिंग सिस्टिम, दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी. नुसती नावांची गल्लत असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण यंत्रणा काय करते हे माहीत नसेल, तर अचानक कुणी आडवं आल्यावर हात नेमकं उलटं काम करतो.

घोळाचं एक कारण नियमात आहे. युरोपीय संघात २०१६ पासून आणि भारतात एप्रिल २०१९ पासून जो नियम आला, त्याचा सांगाडा सारखाच होता: १२५ सीसीच्या वरच्या बाईकला एबीएस सक्तीचं, त्याखालच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस. एकाच ओळीत मध्ये 'किंवा' घालून दोन नावं आली, आणि लोकांनी समजूत करून घेतली की ही एकाच वस्तूची दोन मापं आहेत, मोठ्या गाडीला मोठं, लहान गाडीला लहान.

सीबीएसवर मी फार वेळ घालवत नाही, कारण शंभर-सव्वाशे सीसीची गाडी रोज चालवत असाल तर ते तुमच्या पायाखालचंच आहे. मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. स्कूटरवर हेच काम डावा लीव्हर करतो. उजवा लीव्हर मात्र पुढच्याच चाकाचा. साध्या गाडीत यासाठी एक जोडदांडी आणि केबल असते, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तरीही असंख्य लोक नुसत्या पायावर गाडी थांबवतात. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील" हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्याच्याइतका वाईट सल्ला मला दुचाकीबद्दल दुसरा माहीत नाही. ६० च्या वेगात नुसत्या मागच्या ब्रेकवर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ४० मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट लावले तर जवळपास २० मीटर. सीबीएस आलं ते या सवयीवर उपाय म्हणून.

आता खरा मुद्दा. सीबीएस ब्रेक लावतं. एबीएस ब्रेक सोडतं. दोन्हींची कामं एकमेकांच्या उलट दिशेची आहेत. तुम्ही एका चाकाला दिलेला दाब सीबीएस दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे एकूण ब्रेक वाढवतं. तुम्ही टायरच्या ऐपतीपेक्षा जास्त दाब दिला तर एबीएस तो काढून घेतं. सीबीएस दर सिग्नलला, दर गतिरोधकाला, दिवसातून शेकडो वेळा काम करतं. एबीएस कदाचित वर्षभर झोपून राहील आणि एका सकाळी अर्धा सेकंद जागं होईल. सीबीएस काम करतंय हे तुम्हाला कळतही नाही. एबीएस जागं झालं की दचकायला होतं, आणि तिथेच सगळा घात होतो.

एबीएसला दाब सोडायची गरज का पडते, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. फिरतं चाक रस्त्याला पकडून असतं. चाक जाम झालं, म्हणजे गाडी पुढे जातेय पण चाक फिरत नाही, की टायर नुसता खरवडत घसरतो. घसरणाऱ्या टायरला वळवता येत नाही, सावरता येत नाही. मागचं चाक जाम झालं तर मागचा भाग शेपटासारखा हलतो, पण सरळ रस्त्यावर पाय उचलला की बऱ्याचदा सावरतं. पुढचं चाक जाम झालं की सावरायला वेळच मिळत नाही. बाईक तोल सांभाळते तो पुढचं चाक सतत थोडं इकडे-तिकडे वळवत. चाकाची पकड गेली की तो तोलही गेला. डोक्यात 'ब्रेक सोड' हा विचार येईपर्यंत माणूस जमिनीवर असतो. हे काम माणसाच्या हाताला झेपणारं नाही, म्हणून ते यंत्राला दिलंय. चाकापाशी खाचा पाडलेली एक चकती असते, शेजारी सेन्सर. खाचा किती वेगाने सरकतायत यावरून एबीएसला चाकाचा वेग कळतो. चाक गाडीच्या मानाने अचानक फारच मंदावलं की ते ब्रेक ऑइलचा दाब कमी करतं, चाक फिरू लागलं की पुन्हा देतं, पुन्हा काढतं. सेकंदाला कितीतरी वेळा.

या घेण्या-सोडण्याचे धक्के तुमच्या बोटांना जाणवतात. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा रस्ता ओला होता आणि समोरच्या गाडीने अचानक ब्रेक मारला होता. मीही पुढचा लीव्हर दाबला आणि चाक नेमकं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं. लीव्हरने बोटांना आतून ढकलायला सुरुवात केली, थरथर नव्हे, चांगले ठोसे, आणि टाकीच्या खालून कुठूनतरी टकटक-टकटक आवाज. पहिल्या क्षणाला वाटलं काहीतरी तुटलं. बोटं आपोआप सैल पडली. गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढे गेली, मी पुन्हा दाबलं आणि पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. ते ठोसे म्हणजे बिघाड नव्हता. एबीएस मला पडण्यापासून वाचवत होतं, आणि मी ब्रेक सोडून ते अंतर वाया घालवलं होतं. तेव्हापासून कुणीही एबीएसची पहिली गाडी घेतली की मी त्याला एकच सांगतो: लीव्हर ठोसे मारायला लागला की आणखी घट्ट धर, गाडी थांबेपर्यंत सोडू नको. आणि मोकळ्या, सरळ, कोरड्या जागेवर ३० च्या वेगात मुद्दाम जोरात ब्रेक मारून ते ठोसे एकदा अनुभवून घे. पहिली ओळख गर्दीत होऊ नये.

सीबीएसवर याच्या नेमकं उलटं सांगावं लागतं. तिथे तुम्हाला वाचवायला कुणी नाही. पेडलवर जोरात पाय दिला आणि रस्ता ओला असेल तर मागचं चाक जाम होईल, आणि सीबीएस ते होऊ देईल. चाक फिरतंय की नाही हे त्याला कळतच नाही, कळायला त्याच्याकडे काही नाहीच. सीबीएसवर दाब मोजून द्यायचा, चाक घसरतंय असं वाटलं की सैल करायचा. म्हणजे एकाच प्रसंगात एका गाडीवर धरून ठेवायचं आणि दुसऱ्या गाडीवर सोडायचं. 'स्वस्तातलं एबीएस' असं सांगणारा माणूस तुम्हाला ही चूक शिकवून जातो. आठवडाभर ऑफिसला सीबीएसची गाडी आणि रविवारी फिरायला एबीएसची, अशी दोन गाड्यांवर ये-जा असेल तर हा फरक डोक्यात नव्हे, हातात मुरलेला हवा. मी रविवारी निघताना पहिल्या रिकाम्या पट्ट्यावर एकदा ब्रेक मारून हाताला आठवण करून देतो.

सीबीएस असलं म्हणून उजवा हात मोकळा होत नाही, हेही लक्षात ठेवा. पेडलमधून पुढच्या चाकाला मिळतो तो ब्रेकचा एक वाटा असतो, पूर्ण ताकद नव्हे. पूर्ण ताकद हवी तर पुढचा लीव्हर दाबायलाच लागतो. "सीबीएस आहे ना, मग पाय पुरे" असं म्हणणारे भेटले की मला फार वाईट वाटतं, कारण जी सवय मोडायला यंत्रणा आणली तीच सवय तिच्या भरवशावर पक्की होतेय.

बाकीचे घोळ छोटे आहेत. डिस्क ब्रेक म्हणजे एबीएस नव्हे. डिस्क हा ब्रेकचा प्रकार आहे, एबीएस त्याच्यावर बसलेला पहारेकरी. टाकीवरच्या स्टिकरमध्ये दोन्ही अक्षरं ठळक असतात म्हणून ती एक होत नाहीत. काही गाड्यांत एबीएस आणि जोडलेले ब्रेक दोन्ही असतात, तेव्हा 'हे की ते' हा प्रश्नच उरत नाही.

'एबीएस आहे' एवढं ऐकून मात्र थांबू नका, कुठल्या चाकाला आहे ते विचारा. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. अशा गाडीचं मागचं चाक ओल्या उतारावर आरामात जाम होतं, आणि मग मालक म्हणतो, "एबीएस असून घसरली." घसरणारच, त्या चाकाला एबीएस नव्हतंच. तरीही पैसे पुरत नसतील तर मी सिंगल चॅनल घ्या म्हणेन, कारण जीव घेणारं चाक पुढचं आहे आणि पहारा तिथे आहे.

एबीएसने गाडी कमी अंतरात थांबते, हा आणखी एक आवडता गैरसमज. ते पकड निर्माण करत नाही, आहे ती जाऊ देत नाही. ओल्या डांबरावर घाबरून दाबलेल्या ब्रेकच्या तुलनेत अंतर बहुतेकदा कमी होतंच. पण सुट्या खडीवर किंवा वाळूवर ते वाढू शकतं. तिथे जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग ढकलत नेतं आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग तयार होत नाही. कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते ती यासाठी. डांबरावर परत आलात की ते पुन्हा चालू करा. वळणात कललेल्या गाडीला साधं एबीएस पुरेसं नाही, त्याला गाडी किती कललीय ते कळत नाही. ते कळणारी प्रणाली बॉश कंपनीने २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचर या बाईकवर पहिल्यांदा दिली. तुमच्या गाडीत ती नसेल तर वळणाच्या आधी वेग कमी करणं, एवढंच तुमच्या हातात आहे.

निवड विचारलीत तर परवडत असेल तिथे मी एबीएसच घ्या म्हणेन, वाद न घालता. परवडत नसेल तर सीबीएस घ्या, पण ते जिवंत ठेवा. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. सर्व्हिसिंगला मागचा ब्रेक घट्ट करतात आणि जोडकेबलकडे कुणी बघत नाही. काही ठिकाणी तर "पेडल जड लागतं" म्हणून गिऱ्हाईकच ती सैल करून घेतो. गाडीवर स्टिकर राहतो, आत काही उरत नाही. तपासायला अर्धा मिनिट लागतो. पुढे ड्रम ब्रेक असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढच्या लीव्हरला हात न लावता कुणालातरी मागचं पेडल हळूहळू दाबायला सांगा, आणि खाली बसून पुढच्या चाकाच्या ड्रमवरच्या छोट्या दांडीकडे बघा. पेडलबरोबर ती हलली पाहिजे. हलली नाही तर त्याच दिवशी जोडकेबल ॲडजस्ट करून घ्या. एबीएसच्या गाडीवर चावी फिरवली की पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. चालत्या गाडीवर तो जळतच राहिला तर ब्रेक लागेल, पण चाक जाम होण्यापासून वाचवणारं कुणी नसेल, तेव्हा दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीवर सीबीएसवाल्यासारखा मोजून ब्रेक लावा.