शाळेतला समुपदेशक नेमका कुठे उपयोगी पडतो?

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीत क्लासवाल्यांचे फलक चढतात आणि त्यांच्या शेजारी ‘करिअर मार्गदर्शन शिबिर, प्रवेश मोफत’ असाही एखादा फलक दिसतो. भरलेला हॉल, एक वक्ता, दोन तास, शेवटी टाळ्या. यातून पोरांना काय मिळतं? आणि शिबिराऐवजी शाळेतच पगारी समुपदेशक असता तर काही फरक पडला असता का? हे मोजता येतं, आणि काही संशोधकांनी ते मोजलंही आहे.

मोजायला अडचण अशी की समुपदेशक ठेवणारी शाळा बहुधा आधीच सुस्थितीतली असते. तिथली मुलं पुढे गेली तर श्रेय कुणाचं, समुपदेशकाचं की घरच्या पैशाचं? क्रिस्टीन मलहर्न या अमेरिकी अर्थतज्ज्ञ बाईंना यावर छान वाट सापडली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अनेक हायस्कुलांत मुलांची वाटणी आडनावाच्या आद्याक्षरावरून होते: अमुक अक्षरापर्यंतची मुलं या समुपदेशकाकडे, पुढची दुसऱ्याकडे. आपोआप चिठ्ठ्या टाकल्यासारखंच झालं. (आपल्याकडे ही युक्ती फसली असती, निम्मा वर्ग पाटील आणि उरलेल्यात जाधव नि पवार.) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की सरासरीपेक्षा बऱ्यापैकी चांगला समुपदेशक वाट्याला आला तर हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे सुमारे दोनने वाढतं. आकडा लहान वाटेल. पण एकेका समुपदेशकाकडे शेकडो मुलं असतात, आणि गरीब घरांतल्या किंवा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना होणारा फायदा यापेक्षा मोठा होता.

ते का, हे समजायला मॅसॅच्युसेट्सला जायची गरज नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातल्या पोराला सैन्यभरतीचा तपशील शाळेत शिकवावा लागत नाही; तो घरात, पारावर, सुट्टीवर आलेल्या चुलत्याकडून कळतो. विटा-आटपाडी भागातला मुलगा सोनं-चांदीच्या गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) कामाला थेट दक्षिणेत जातो, कारण मामा आधीच तिथे असतो. राहायची सोय, पहिलं काम, कुणाला काय विचारायचं, सगळं मामा बघतो. पण त्याच मुलाला फिजिओथेरपी किंवा संख्याशास्त्र शिकायचं असेल तर त्या रस्त्यावर मामा नाही. डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरात समुपदेशक नसला तरी फारसं अडत नाही. अडतं ते इथे.

आता महत्त्वाचा प्रश्न: या मुलाला माहिती दिली की पुरे, की सोबत माणूसच लागतो?

अमेरिकेत एच अँड आर ब्लॉक ही करविवरणपत्रं भरून देणारी कंपनी आहे. तिच्या कार्यालयांत येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कंपनीच्या कर्मचाऱ्याने तिथल्या तिथे मुलाच्या शिक्षणासाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरून दिला. दुसऱ्या गटाला किती मदत मिळू शकते याची माहिती दिली आणि अर्ज करा म्हणून सांगितलं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण तिसऱ्या गटात २८ टक्के होतं, अर्ज भरून दिलेल्यांत ३६. नुसती माहिती मिळालेल्या गटात सुधारणा दिसली नाही. पुढे ८ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना मेसेज, पत्रं, ईमेल पाठवून आठवण करून देण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचाही परिणाम जवळपास शून्य.

माहिती निव्वळ वाया जाते असंही नाही. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन यांनी आठवीच्या मुलग्यांना शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांच्या कमाईतला खरा फरक सांगितला. मुलांचा अंदाज फार कमी होता. खरं कळल्यावर ती सरासरीने काही महिने जास्त शिकली. जिथे गैरसमज हीच अडचण असते तिथे माहिती पुरते. पण जत किंवा माण तालुक्यातल्या बारावीच्या मुलीची अडचण बहुधा ती नसते. शिक्षणाने कमाई वाढते हे तिला पाठ आहे. अडतं उत्पन्नाच्या दाखल्यावर, जात पडताळणीवर, महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जावर, प्रवेशफेरीच्या पसंतीक्रमावर. यातलं प्रत्येक काम एकेकटं सोपं आहे. एक राहिलं की मात्र वर्ष जातं किंवा फी अंगावर पडते.

मग हे काम वर्गशिक्षकाकडेच द्यावं, असं लगेच सुचतं, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच असतं. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांत याची पद्धतशीर परीक्षा झाली. काही शाळांत ‘सेहर मित्र’ नावाचा खास नेमलेला माणूस, काही ठिकाणी तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाकडे. मुलांना चिठ्ठीवर अडचण लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, एकेकट्याशी बोलणं, असं त्याचं स्वरूप होतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निकाल स्पष्ट होता: सेहर मित्र असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. निवडणूक, पोर्टल, पोषण आहार आणि पोर्शन सांभाळून उरलेल्या वेळात कोण कुणाचं ऐकणार? शिवाय जो मार्क देतो त्याच्यासमोर मूल मोकळं होत नाही. हे सेहर मित्र मानसशास्त्राचे पदवीधर तज्ज्ञ नव्हते, ही बाब मला विशेष वाटते.

दिल्लीतल्या सरकारी शाळांत २०२० चा एक अभ्यास जरा जमिनीवर आणतो. थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका घेतल्या. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसत्या पुस्तिका दिल्या. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकामुळे जास्त हलक्या झाल्या, पण मानसिक लक्षणांच्या मोजपट्टीवर दोन्ही गट सारखेच राहिले. गंभीर आजाराला डॉक्टरच लागतो.

आणि चाचण्या? महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीची कल चाचणी झाली. आवडीनिवडी बाराव्या वर्षापासून बऱ्यापैकी टिकाऊ असतात, पण त्या खऱ्या स्थिरावतात अठरा ते बावीसच्या दरम्यान, असं जुन्या अभ्यासांची बेरीज सांगते. पंधराव्या वर्षीचा कल हा गप्पांना विषय म्हणून उत्तम. त्यावरून अकरावीत गणित सोडायचं ठरवलं तर इंजिनिअरिंगचं दार जवळपास बंद होतं. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचणीचं तर नावच नको. ठशांचे आकार गर्भातच चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ठरतात आणि त्यांचा वाणिज्य शाखेशी संबंध असल्याचा कुठलाही पुरावा नाही.

प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस परवडणार नाही, हे १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगालाही कळत होतं. त्याने दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. अमेरिकेतली समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक मागते. त्यापुढे हे तुटपुंजंच. तरीही जत तालुक्यात दहा शाळांना मिळून असा एक माणूस आला, तर त्याने पहिली फेरी बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये काढू नये. अकरावी सुरू होताच जुलैत काढावी. जात पडताळणीला महिने लागतात, आणि तेव्हा हातात पावणेदोन वर्षं असतात.