आजीची आई कोण? बेने इस्राएली स्त्रियांवरील लघुपटांची पार्श्वभूमी

परातीत भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ आणि साखर, वर कापलेली फळे. मलिद्याचे ताट दाखवल्यावाचून बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजी, आई आणि नात यांच्यावरचा लघुपट पुरा व्हायचा नाही.

ज्यू स्त्री भारतीय पडद्याला नवी नव्हती. मूकपटांच्या काळात बगदादी ज्यू, म्हणजे बगदादच्या बाजूने भारतात आलेल्या ज्यू, घराण्यांतील अभिनेत्री आघाडीच्या नायिका होत्या, मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या भूमिकांत त्यांचे स्वतःचे घर कधी आले नाही. कोकणातल्या साडी नेसणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू बाईला तर पडद्यावर जागाच नव्हती.

या लघुपटांत आजीलाच मध्यभागी का बसवले जाते, याचे उत्तर मला 1962 च्या एका निर्णयात दिसते. 1948 नंतर हजारो बेने इस्राएली इस्राएलला गेले. ज्यूपण आईकडून येते, असे धर्मशास्त्र मानते. कोकणात शतकानुशतके रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नव्हते, त्यामुळे घटस्फोट आणि विधवाविवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी शंका इस्राएलच्या ज्यू धर्मपीठाने काढली. आणि बेने इस्राएली वधूवरांच्या आईची, आजीची आणि त्याही मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे विवाह नोंदणाऱ्या रब्बींना बजावले. हा अन्याय होता, आणि त्याचा भार स्त्रियांच्या कुळावर पडला. पेणकर, रोहेकर ही आडनावे बापाच्या गावाची खूण सांगतात. आईच्या आईचे माहेर कोणत्याही आडनावात उरत नाही. ते फक्त बायकांच्या तोंडी असते, आणि नेमका त्याचाच पुरावा मागितला गेला. अर्थात, आईच्या कुळावर बोट ठेवण्याची रीत समाजातही होती. ‘गोरे’ आणि ‘काळे’ बेने इस्राएल हा जुना भेद वरवर रंगाचा वाटतो. प्रत्यक्षात ज्यांच्या घराण्यात ज्यू नसलेली आई आली असे मानले जाई, त्यांना ‘काळे’ म्हणत.

याविरुद्ध धरणे आंदोलने झाली, निदर्शने झाली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव केला, आणि त्यानंतर धर्मपीठाने आदेशातील समाजाचे नाव काढून मजकूर सर्वसाधारण केला.

त्यामुळे आज कॅमेऱ्यासमोर आजी आपल्या आईचे माहेर सांगते, तेव्हा तो नुसता आठवणींचा ओघ नसतो. बेने इस्राएलांच्या मराठी कीर्तनांचेही तसेच आहे. 1880 च्या सुमारास मुंबईत पुरुषांनी सुरू केलेली ही कीर्तने पुढे बायकांनी वह्यांत उतरवून जपली. इस्राएलमध्ये वाढलेली नात आता त्या वहीचे पान उघडते तेव्हा अक्षरे देवनागरी असतात. तिला वाचता येतात ती हिब्रू. मग आजीच पहिली ओळ म्हणते.