टन: पिंप, वजन, बर्फ आणि उसाची काटापट्टी

उसाची काटापट्टी, म्हणजे वजनकाट्यावर मिळणारी पावती, हातात घेतली की तीन आकडे दिसतात. भरलेली गाडी २६.४८०, रिकामी गाडी ८.०२०, निव्वळ ऊस १८.४६०. शेजारी ‘मे. टन’ किंवा नुसतंच ‘टन’. हंगाम सुरू असला की वाळवा, पलूस, कराडकडे अशी पट्टी ज्याच्या-त्याच्या खिशात असते, आणि हा टन नेमका कुठला, असं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं, कारण इथला टन १,००० किलोचाच. पण त्याच गावचा बेदाणा अमेरिकी गिऱ्हाइकाला जायचा झाला तर टन ९३ किलोंनी हलका होऊ शकतो. तो बेदाणा ज्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवलेला असतो तिथल्या यंत्राचा टन तर वजनाचा नसतोच. आणि घरी भिंतीवर जो दीड टन लावलेला असतो, तो दोन माणसं जिन्यावरून उचलून आणतात.

गोंधळाला देवनागरीचाही थोडा हातभार आहे. इंग्रजीत हे तीन शब्द आहेत: टी-ओ-एन, टी-ओ-डबल एन-ई आणि टी-यू-एन. बोलताना तिन्हींचा उच्चार जवळपास एकच होतो, त्यामुळे आपण तिन्ही ‘टन’च लिहितो. कागदावर इंग्रज माणसाला जो फरक दिसतो, तो आपल्याला दिसत नाही.

तिन्हींचं मूळ मात्र एकच आहे, आणि ते वजन नव्हतं. टी-यू-एनवाला टन म्हणजे दारूचं भलंमोठं लाकडी पिंप. त्यात २५२ वाइन गॅलन मावत, आजच्या हिशेबात सुमारे ९५४ लिटर. (आपल्या ‘टुन्न’चा याच्याशी काही संबंध नाही. जुळून आलंय मात्र छान.) वाइनचं वजन पाण्याच्या जवळपास असतं, म्हणजे आतला माल साडेनऊशे किलोंच्या आसपास आणि वर लाकडाचं वजन. असं एक पिंप म्हणजे एक टन माल, हा अंदाज बंदरांवर रुळला आणि भांड्याचं नाव हळूहळू वजनाला चिकटलं. स्पेलिंग वेगळं झालं ते बरंच नंतर, सतराव्या शतकात.

आपल्याला याचं नवल वाटू नये. खंडीचं असंच होतं. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, ही धान्याची मापं होती. ती भरून मोजायची, तोलून नाही. मणाच्या पायल्या गावागणिक बदलायच्या, कुठे १२, कुठे १६. ज्वारीची खंडी आणि भाताची खंडी मापाला सारखी, पण काट्यावर ठेवली तर वेगळी. दुसरीकडे व्यापाऱ्यांची खंडी वजनाचीच होती. एकच शब्द मापालाही चालायचा आणि वजनालाही, आणि कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे बाजारात बसणाऱ्याला कळायचं. टनाची गोष्ट हीच आहे. फक्त त्याचा बाजार जगभर पसरला, आणि कुठला अर्थ घ्यायचा हे सगळ्यांना कळेनासं झालं.

पहिली फांदी जहाजांची. जहाजात किती पिंपं मावतात त्यावर त्याचं माप ठरायचं. ‘टनेज’ हा शब्द तिथला. ब्रिटनने १८५४ च्या कायद्यात जहाजाची आतली जागा मोजायची रीत पक्की केली आणि १०० घनफुटांना एक रजिस्टर टन म्हटलं. म्हणजे हा टन पुन्हा जागेचाच. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ‘ग्रॉस टनेज’ आलं. तो एका सूत्राने काढलेला नुसता आकडा आहे, त्याच्यापुढे एकक लिहीतच नाहीत. ‘५० हजार टनांचं जहाज’ अशी बातमी वाचली तर ते जागेचं टनेज आहे, जहाज किती भार उचलतं त्याचा आकडा आहे की जहाजाचं स्वतःचं वजन, हे बातमी लिहिणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

वजनाच्या टनातही दोन घराणी पडली. इंग्रजांचा हिशेब असा: १४ पौंडांचा एक स्टोन, आठ स्टोनांचा म्हणजे ११२ पौंडांचा एक हंड्रेडवेट, आणि वीस हंड्रेडवेटचा टन. एकूण २,२४० पौंड. नाव ‘हंड्रेड’ आणि भरतो ११२. अमेरिकेत व्यापाऱ्यांनी ही वरची बारा काढून टाकली, हंड्रेडवेट सरळ १०० पौंडांचा धरला आणि टन झाला २,००० पौंडांचा. पहिल्याला लाँग टन म्हणतात, दुसऱ्याला शॉर्ट टन. किलोत मोजलं तर लाँग टन १,०१६ किलो आणि शॉर्ट टन ९०७ किलो, साधारण.

मुंबई इलाख्यात लाँग टन अलगद बसला, कारण मुंबईचा मण २८ पौंडांचा होता. वीस मणांची खंडी ५६० पौंड, आणि चार खंड्या म्हणजे बरोबर २,२४० पौंड, एक टन. सरकारी मण वेगळा, ४० शेरांचा, ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३२ किलो. तो घेतला तर टनात सव्वासत्तावीस मणांना किंचित कमी पडायचं. कापसाची खंडी तिसरीच, ७८४ पौंडांची. ती मेलेली नाही. कापसाचा भाव आजही खंडीवर निघतो, आणि ही खंडी ३५६ किलोंची का, याचं उत्तर त्या ७८४ पौंडांत आहे.

तिसरा टन फ्रेंचांचा, टी-ओ-डबल एन-ईवाला. एक मीटर लांब, रुंद, उंच हौद पाण्याने भरला की जे वजन होतं तेवढा, १,००० किलो. आपल्याकडे तो दशमान पद्धतीबरोबर आला. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला निघाले. वजनमापांचा कायदा १९५६ चा, पण अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला, आणि वजनं सगळीकडे सक्तीची झाली ती एप्रिल १९६२ पासून. मधली तीन-चार वर्षं दोन्ही चालत होती. म्हणून साखर कारखान्याचा जुना अहवाल किंवा एकरी उताऱ्याची जुनी नोंद चाळताना सन आधी बघावं. साठच्या आधीचा ‘टन’ बहुधा लाँग टन असतो आणि त्याला १.०१६ ने गुणावं लागतं. एकरी ४० टन म्हणजे आजचे ४० टन ६४० किलो. आकडा लहान वाटतो, पण दोन काळांचे उतारे शेजारी ठेवून ‘वाढलं-घटलं’ म्हणणाऱ्याला तेवढाही फरक चकवतो.

आता पुन्हा काटापट्टीकडे. १८.४६० म्हणजे १८ टन ४६० किलो. गडबड होते ती पट्टीवरून वहीत उतरवताना. शेवटचं शून्य गळतं, १८.४६ राहतं, आणि महिन्याभराने बेरीज करणारा ते ‘अठरा टन शेहेचाळीस किलो’ वाचतो. ४१४ किलो गेले. रुपये-पैशांत दोनच घरं असतात, त्याची सवय इथे नडते. टनाला किलोची तीन घरं लागतात, आणि तिन्ही लिहायची. पट्टीवर वजन थेट किलोत छापलेलं असेल तर तोच आकडा उतरवावा, टन करायला जाऊ नये. काटा खरा दाखवतो की नाही हा वेगळा प्रश्न. त्यासाठी वैधमापनशास्त्र विभागाची दरवर्षीची पडताळणी आणि तिची मोहर काट्यावर बघायची.

दराची भाषाही दुहेरी आहे. केंद्र सरकार एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) क्विंटलवर जाहीर करतं, शेतकरी आणि संघटना बोलतात टनावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये जास्त, टनाला ३४ रुपये ६० पैसे. १०.२५ टक्के उतारा याचा अर्थ एका टन उसातून १०२.५ किलो साखर. तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते, त्यामुळे हातात पडणारा टनाचा दर आणि पेपरातला टनाचा दर यांची तोंडं दोन दिशांना असतात. त्याचा दोष टनाला नाही.

कारखान्याची क्षमता सांगतात ‘टीसीडी’मध्ये, म्हणजे दिवसाला किती टन ऊस गाळला जातो. इथे टन उसाचा आहे, साखरेचा नाही. ५,००० टीसीडीचा कारखाना रोज ५,००० टन साखर काढतो असं समजणारे भेटतात. सव्वादहा टक्क्यांच्या उताऱ्याला ती होते सुमारे ५१२ टन. अमेरिकेच्या साखरेचे आकडे बघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यांचा कृषी विभाग साखर ‘शॉर्ट टन, रॉ व्हॅल्यू’मध्ये मोजतो. टन ९०७ किलोंचा आणि साखर कच्च्या साखरेच्या हिशेबात. आपल्या लाख मेट्रिक टनांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही.

लिहिण्याच्या तऱ्हेबद्दल थोडं. मेट्रिक टनाचं मान्य चिन्ह म्हणजे इंग्रजी लहान ‘टी’. मोठा टी चुंबकीय क्षेत्राच्या टेस्ला या एककाचा. आपल्याकडे सर्रास मोठा ‘एम’ मोठा ‘टी’ लिहितात, आणि व्यवहारात त्याने कुणाचं अडत नाही. पण मोठा एम आणि लहान टी म्हणजे मेगाटन, दहा लाख टन. सरकारी तक्त्यात हे दोन्ही एकाच पानावर दिसू शकतात. अक्षराचा आकार बघितल्याशिवाय तिथला आकडा उचलू नये.

तासगाव-सांगलीच्या बेदाण्यावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. माल १५ किलोच्या बॉक्समध्ये भरलेला असतो. मेट्रिक टनात ६६ पूर्ण बॉक्स आणि वर १० किलो. शॉर्ट टनात ६० बॉक्स आणि ७ किलो. लाँग टनात ६७ बॉक्स आणि ११ किलो. सौद्यात नुसता ‘टन’ लिहिला आणि गिऱ्हाईक अमेरिकी असेल, तर भाव टनाचा ठरवताना आपण सहा बॉक्स जास्त धरलेले असतात आणि त्याने कमी. म्हणून कागदावर टनाच्या पुढे ‘१,००० किलो’ असं लिहून घेतात, किंवा भाव किलोवरच ठरवतात. दुसरं बरं.

जहाजाचं भाडं भरताना आणखी एक टन आडवा येतो. पूर्ण कंटेनर नसेल, थोडाच माल पाठवायचा असेल, तर भाडं ‘फ्रेट टन’वर लागतं: एक मेट्रिक टन किंवा एक घनमीटर, ज्याने बिल जास्त होईल ते. पापडासारखा हलका आणि फुगीर माल वजनाला ३०० किलो भरला तरी जागा दोन घनमीटर घेत असेल तर भाडं दोन टनांचं. जुन्या पिंपाची आठवण इथे अजून जिवंत आहे.

कोल्ड स्टोअरेजमध्ये टनांची सर्वांत जास्त गर्दी. ‘हजार टनांचं स्टोअरेज’ म्हणजे आत १,००० मेट्रिक टन माल ठेवता येतो. राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या निकषात एका टनाला ३.४ घनमीटर जागा धरतात, म्हणजे हजार टनांना ३,४०० घनमीटर. पण त्याच प्रकल्प अहवालात दोन पानं पुढे ‘यंत्रणा: अमुक टन’ असं येतं. तो टन थंडाव्याचा.

हा टन बर्फाने दिला. यंत्रं येण्याआधी थंडावा म्हणजे बर्फ, आणि तो टनावर विकला जायचा. १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या ‘तस्कनी’ जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरला होता, पोचला सुमारे १००. पुढे यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाला एकच विचारायचं होतं: हे यंत्र रोजच्या किती टन बर्फाचं काम करतं? अमेरिकेचा टन २,००० पौंडांचा. एक पौंड बर्फ वितळताना १४४ बीटीयू (हे उष्णतेचं इंग्रजी एकक) उष्णता ओढून घेतो. गुणाकार २ लाख ८८ हजार, त्याला २४ तासांनी भागलं की तासाला १२,००० बीटीयू. हाच एसीचा एक टन. किलोवॉटमध्ये ३.५१७.

म्हणून दीड टनाचा एसी खोलीतून तासाला १८,००० बीटीयू, म्हणजे सव्वापाच किलोवॉट इतकी उष्णता बाहेर टाकतो. हा आकडा विजेचा नाही. वीज तो साधारण त्याच्या एक तृतीयांश खातो. यंत्रावरच्या पट्टीत ‘कूलिंग कपॅसिटी’ आणि ‘पॉवर इनपुट’ असे दोन आकडे असतात. बिलाचा अंदाज दुसऱ्यावरून करायचा. पहिला आकडा बारकाईने पाहिला तर पुष्कळदा ‘दीड टन’ पूर्ण दीड भरत नाही, पाच किलोवॉटच्या आसपास असतो. दोन दुकानांतले दीड टन ताडून बघायचे तर टन सोडून तो आकडा बघावा.

कोल्ड स्टोअरेजमध्ये यंत्राचा टन साठवणुकीच्या टनावरून थेट ठरत नाही. रोज किती माल आत येणार, तो किती गरम असणार आणि किती तासांत थंड करायचा, यावर ठरतो. तेवढ्याच क्षमतेच्या दोन गोदामांत म्हणूनच वेगवेगळ्या टनांची यंत्रं असतात. एप्रिलच्या उन्हातून आलेला माल एका दिवसात भसाभस भरला की लहान यंत्र मागे पडतं, आतलं तापमान चढतं, आणि दोष मालकाच्या मते यंत्राच्या कंपनीचा असतो.

राहिले किरकोळ. बाँबचा टन हा टीएनटी या स्फोटकाच्या एका टनाच्या ऊर्जेचा. हिरोशिमावरचा बाँब सुमारे १५ किलोटनांचा, पण त्याचं वजन साडेचार टनांच्या आत होतं. क्रिकेटमधला ‘टन’ म्हणजे शतक, तो इंग्रजी बोलीतला.

आणि ट्रकचा टन. कागदावर गाडीचं एकूण वजन असतं, गाडी आणि माल मिळून. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ते वाढवलं: दोन आसांच्या ट्रकला १६.२ वरून १८.५ टन, तीन आसांच्या दहा टायरीला २५ वरून २८.५. ‘गाडी किती टनी?’ असं विचारलं की ड्रायव्हर मालाचा टन सांगतो, आरटीओचा माणूस एकूण टन बघतो. दहा टायरी रिकामी असतानाच आठ-दहा टनांची असते. ती वजा न करता माल भरला की पुढच्या चेकनाक्यावर पावती फाटते.